माझ्यावरची दुलई

मित्रांनो, भिंतीला पाठ टेकून बसलेली एक जुनी बॅटरी मी. अंगाने लोखंडी पेटी, मनाने मात्र मऊ. छपरावरच्या काळ्या तावदानांनी दिवसभर ऊन वेचावे, माझ्या ओटीत घालावे आणि मी ते जपून ठेवावे, हे माझे काम. आमच्या वस्तीत तारेची वीज पाहुण्यासारखी येते आणि टेकायच्या आधीच जाते.

कारखान्यात मला घडवताना एक धडा पढवला होता: फार तापलीस, तर सगळे सोडून आधी स्वतःला वाचव. तो धडा विसरता आला असता तर बरे झाले असते.

मला घरी आणले दोघी जावांनी. त्यांच्या मागच्या खोलीत अंडी उबवायचे कपाट होते. आत पिवळा दिवा, दिव्याखाली अंडी, अंड्यांत मिटलेल्या चोची. मी आल्यापासून तो दिवा ढगाळ दिवशीही विझला नाही. थोरली माझ्यावर हात ठेवून म्हणायची, "ही आमची तिसरी जाऊ. बोलत नाही, म्हणून गुणाची."

"टोमणा पोचला हं, ताई," धाकटी म्हणायची.

एका हिवाळ्यात धाकटीची लाडकी लंगडी कोंबडी मेली. तिची शेवटची अंडी कपाटात होती. धाकटी कामातून उठून उठून काचेला डोळा लावायची. थंडी वाढली. ज्या घरात ऊब म्हणजेच जीव, त्या घराला दुसरे काय सुचणार? धाकटीने जुन्या कपड्यांची जाड दुलई शिवली आणि मला गळ्यापर्यंत गुंडाळले.

"बाई गं, तूही गारठली असशील."

मला तोंड असते तर नको म्हटले असते का? खरे सांगते, नसते म्हटले. इतक्या मायेने मला कुणी पांघरले नव्हते. दुलईखाली तापल्याची खूण देणारा माझा लाल दिवा लुकलुकत राहिला, कुणाला दिसला नाही. वरून ऊन येत होते, वारा कुठूनच नव्हता. एके दुपारी दोघी बाजारात असताना मी फार तापले आणि धडा आठवला. मी स्वतःला वाचवले. कपाटातला दिवा विझला.

दोघी परतल्या तेव्हा अंडी गार पडली होती. धाकटीने माझ्यावरची दुलई ओढली, अंडी तिच्यात गुंडाळून मांडीवर घेतली.

संध्याकाळी दुरुस्तीवाला आला. माझ्या अंगाला हात लावून म्हणाला, "वहिनी, ही काय कोंबडी आहे? हिला वारा लागतो. कोंडली की बंद पडणारच."

"म्हणजे मीच मारली पिल्लं," धाकटी म्हणाली.

"तू एकटी कशी?" थोरली म्हणाली. "सुईत दोरा मीच ओवून देत होते ना?"

दोघींनी दोष वाटून घेतला. माझा वाटा कुणी मागितलाच नाही. तो माझ्याकडेच राहिला.

अंडी पुन्हा दिव्याखाली ठेवली, पण लंगडीच्या अंड्यांतून एकच पिल्लू बाहेर आले.

मित्रांनो, माझ्यासारखीला मोकळे ठेवा. तिच्यावर काही टाकू नका, तिच्या दिव्याकडे बघत जा. आणि कुणावर माया करताना आधी विचारा, त्याला ऊब हवी की वारा.

ते पिल्लू आता मोठी कोंबडी झाले आहे. दुपारी माझ्या कोमट अंगाला टेकून डोळे मिटते. आई समजून बसते की काय, कोण जाणे. तिला ऊठ म्हणायला मला तोंड नाही.