ओठांतले मणी

मणी लावणाऱ्या बाईला तीन हात लागतात. एक कापडाच्या वर, एक कापडाच्या खाली आणि तिसरा मणी पुरवायला. मिळालेत दोनच, म्हणून मावशींनी चाळीस वर्षांपूर्वीच ओठांना कामाला लावलं होतं. सात-आठ मणी ओठांत धरायचे, सुई तोंडाशी न्यायची, टोकावर एक मणी अलगद उचलायचा आणि कापडात रोवायचा. वाटीत बोटं घालून मणी चाचपत बसणाऱ्या बायकांना त्या हसायच्या. "तुमचा झगा तयार होईपर्यंत नवरीला नातवंडं होतील," म्हणायच्या.

ओठांत मणी असले की बोलता येत नाही, पण ती अडचण त्यांना कधी आली नाही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. झग्यांच्या दुकानाचा माणूस आठवड्यातून एकदा कापड आणि मोजून बांधलेले मणी ठेवायचा, तयार काम उचलायचा आणि जिना उतरायच्या आतच फोनवर दुसऱ्याशी बोलायला लागायचा. पुढचे सहा दिवस त्या खोलीत माणसाचा आवाज यायचा तो फक्त रेडिओतून.

मग समोरच्या दारात ठमी राहायला आली. म्हणजे आली तिची आई, चपलांच्या दुकानात काम करणारी, आणि तिच्या कडेवर ही पावणेदोन वर्षांची, गालफुगी. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण मावशींनी पहिल्याच दिवशी तिचं ठमी करून टाकलं. बाप कुठे असतो हे मावशींनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. "मावशी, तासभर बघाल का हिला?" इथून सुरुवात झाली आणि महिनाभरात ठमी सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत मावशींचीच झाली. बोट दिलं की हात धरतात म्हणतात. मावशींनी तर आधीच दोन्ही हात पुढे केले होते.

मावशी चौकटीवर कापड ताणून बसल्या की ठमी शेजारी चटईवर बसायची. मावशींनी ओठ मिटले की ती मिटायची, मावशींनी मान वाकडी केली की तिची मान वाकडी. एकदा तर तिच्या खालच्या ओठावर खरोखरीचा मणी चिकटलेला होता, आणि ती हातात नसलेली सुई तोंडाशी नेत होती. मावशींनी मणी काढून घेतला खरा, पण डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "आली गं माझी वारस!" म्हणून त्यांनी तिचा पापा घेतला.

हसायला नको होतं. मोठं माणूस ज्यावर हसतं ते पोर दहा वेळा करतं, हे न कळायला मावशी काही दूधखुळ्या नव्हत्या. पण नऊ वर्षांत त्यांची नक्कल करता येईल इतका वेळ त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या दूध उतरवायला उठल्या, तेवढ्यात मागे ठसका लागला. वळून बघतात तर ठमीचं तोंड लालबुंद, ओठ काळेनिळे आणि आवाज एकदम बंद. मावशींनी तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या. किती मारल्या त्यांना आठवत नाही. अखेर पोर खोकली, मग रडली, आणि ते रडणं ऐकून मावशींच्या जिवात जीव आला. दहा मिनिटांत ठमी पुन्हा खेळायला लागली होती, अधूनमधून खोकत, एवढंच.

दुपारी शेवटच्या फुलाला एक मणी कमी पडला. दुकानाचं माप कधी चुकत नसे. मावशींनी चटई झटकली, ठमीचा फ्रॉक झटकला, पलंगाखाली झाडू फिरवला. मग जुन्या डब्यातला एक किंचित निळसर मणी काढून तिथे लावून टाकला. गेला असेल पोटात, पोटात गेलं ते बाहेर येतं, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या.

संध्याकाळी ठमीची आई आली. "त्रास नाही ना दिला हिनं?"

"छे गं," मावशी म्हणाल्या, "गुणाची पोर आहे."

सांगितलं असतं तर ही उद्या पोरीला पाठवणार नाही, एवढाच विचार त्या वेळी त्यांच्या मनात होता. उगाच चांगुलपणाचं पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

बुधवारी खोकला वाढला. सर्दी असेल म्हणून आईनं औषध दिलं, आणि मावशींनीही सर्दीच असणार म्हणून मान डोलावली. गुरुवारी जेवणानंतर मात्र ठमीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मावशींनी चपलांच्या दुकानात आईला फोन केला आणि अर्ध्या तासात तिघी दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं आधी ठमीच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला, छातीचा फोटो काढून घेतला आणि मग बोलली. "या वयात असा दम लागायला कारणं बरीच असतात. सर्दी छातीत उतरते, घशाला आतून सूज येते, दम्याची सुरुवात असते, एखाद्या गोष्टीची ॲलर्जी उठते. आणि कधी कधी श्वासनळीत काहीतरी अडकलेलं असतं. फोटोत तसं काही दिसत नाहीये, पण उजव्या बाजूला हवा कमी जातेय. एकाएकी ठसका लागून गुदमरली, असं काही झालं होतं का?"

"नाही हो," आई म्हणाली. "दिवसभर मावशींकडे असते. डोळ्यांत तेल घालून बघतात त्या. माझ्याहून जास्त."

डॉक्टरीण मावशींकडे वळली. "आजी?"

मावशींनी नकारार्थी मान हलवली. तोंडात एकही मणी नव्हता, तरी ओठ उघडले नाहीत.

ठमीला ठेवून घेतलं. आईनं किल्ली मावशींच्या हातात दिली आणि म्हणाली, "तिची पांघरायची चादर तेवढी आणाल? तिच्याशिवाय झोपत नाही." तिच्या बोलण्यात इतका विश्वास होता की त्यापेक्षा तिनं एक मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं.

चादर घेऊन मावशी क्षणभर आपल्या खोलीत शिरल्या. चौकटीवर झगा तसाच ताणलेला होता. शंभरभर पांढरी फुलं आणि शेवटच्या फुलात तो एक निळसर मणी. दुसऱ्या कुणाला तो दिसला नसता. मावशींना त्याच्याशिवाय काही दिसेना. खरं सांगितलं तर ठमी जाणार होती. गप्प बसलं तरी कदाचित जाणार होती. पहिलं जाणं समोरच्या दारापर्यंतचं होतं. दुसऱ्या जाण्याला दारच नव्हतं.

मग कात्री उचलली. एका पांढऱ्या फुलातला मणी उसवला, मुठीत धरला, आणि बासष्टाव्या वर्षी रस्त्यातून धावत सुटल्या.

डॉक्टरीण ठमीच्या खाटेपाशीच होती, आईही तिथेच. मावशींनी मूठ उघडली. "असा मणी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "मंगळवारी अकरा वाजता. गुदमरली होती. ओठ काळे पडले होते. मी सांगितलं नाही."

"काचेचा की प्लास्टिकचा?"

"प्लास्टिकचा."

"तरीच फोटोत आला नाही," एवढंच म्हणून डॉक्टरीण वळली, आणि मग सगळे भराभर हलले. नळी घालून बघायला ठमीला आत नेलं. दार बंद झालं.

बाहेर लांब बाक होता. आई एका टोकाला बसली, म्हणून मावशी दुसऱ्या टोकाला बसल्या. मांडीवर चादर होती. आई समोरच्या भिंतीकडे बघत बोलली. "आज गुरुवार आहे, मावशी."

"हो गं."

"तीन दिवस."

 मावशींनी चादर बाकावरून तिच्याकडे सरकवली. तिनं ती घेतली.

तासाभरानं मणी बाहेर आला, एका छोट्या बाटलीत. "उद्यापर्यंत थांबलो असतो तर कठीण होतं," डॉक्टरीण म्हणाली. "बोललात ते बरं केलंत, आजी." ठमीच्या आईनं बाटली बघितली, मान हलवली आणि आत निघून गेली. मावशी आत गेल्या नाहीत. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं.

ठमी चार दिवसांत घरी आली आणि पुढच्या आठवड्यापासून पाळणाघरात जायला लागली. सकाळी साडेआठला समोरचं दार उघडायचं, कुलूप लागायचं, छोटे बूट जिन्यावर वाजत खाली जायचे. मावशींचं स्वतःचं दार तेवढा वेळ बंद असायचं. त्या दाराला कान लावून उभ्या असायच्या, हे सांगायला त्यांना आता लाज वाटत नाही.

मणी त्या आता वाटीतून घेतात. चाचपत, एकेक. काम निम्म्यानं घटलं आणि दुकानाचा माणूस कुरकुर करतो. "मावशी, तुमचा हात मंदावला की काय?" विचारतो. खोलीत बघणारं कुणी नाही, शिकणारं कुणी नाही, तरी ओठांत मणी धरायला त्यांचं मन धजत नाही.

परवा सकाळी दूध आणून जिना चढताना समोरून दोघी उतरत होत्या. आता पाठ फिरवायलाही जागा नव्हती. मावशी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. आईनं ठमीचा हात घट्ट धरला, पण ठमी थांबली. तिनं मावशींकडे बघितलं, मान मागे टाकली आणि मोठ्ठा आ केला. जीभ बाहेर काढली, उचलून जिभेखालीही दाखवलं. घरात आता दिवसातून दहा वेळा तपासणी होत असणार.

"काई नाई," ठमी म्हणाली. "माची, तू?"

मावशींनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली, खाली वाकल्या आणि त्यांनीही आ केला. तिला नीट दिसावं म्हणून बराच वेळ तसाच ठेवला.

"काही नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "माझ्यापण तोंडात काही नाही."

ठमीनं आत डोकावून खात्री करून घेतली. तेवढा वेळ आईनं तिचा हात ओढला नाही. मग दोघी खाली गेल्या. बुटांचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत मावशी तिथेच वाकून उभ्या होत्या.