वर न्यायचं जॅकेट

मार्लाने पिसे भरलेले जॅकेट त्याच्याच खिशात कोंबून त्याचे पावाएवढे गाठोडे केले आणि दुकानाच्या काउंटरवरच्या टपालाच्या काट्यावर ठेवले.

"दहा औंस. वर चिमूटभर."

"लेबलावर साडेनऊ आहे," एमिल म्हणाला.

"लेबल लिहिणाऱ्याला ते पाठीवर न्यायचं नसतं."

एमिल स्टॅनिचने छोट्या वहीत दहा लिहिले आणि पुढे एक टिंब दिले. टिंब म्हणजे चिमूट. त्या वहीत तंबू होता, दोर होता, एकुलता एक चमचा होता आणि अर्धी दांडी कापून टाकलेला दात घासायचा ब्रशही होता. सत्तर वर्षांच्या माणसाने ब्रशची दांडी कापून काय मिळवले, असे कुणी विचारले असते तर त्याने ते औंसात सांगितले असते.

ब्यूट गावात त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. चौतीस हिवाळे त्याने जिल्ह्याचा बर्फ लोटायचा ट्रक चालवला होता आणि निम्म्या गावाच्या मोटारी कधी ना कधी खड्ड्यातून ओढून काढल्या होत्या. पण या उन्हाळ्यात लोक रस्त्यात थांबवून त्याचा हात हातात घेत होते ते वेगळ्याच कारणाने. सरकारी सोडतीत त्याला रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला होता. हायलँडच्या डोंगरातला, पूर्ण वळलेल्या शिंगांचा एक नर. अर्ज करणारे हजारो, परवाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एमिलने तेहतीस वर्षे न चुकता अर्ज केला होता. त्याच्याबरोबर अर्ज करायला लागलेले बरेचसे अर्ज करता करताच वर गेले. त्यामुळे हात मिळवणाऱ्यांच्या तोंडावर कौतुक असे आणि पोटात जळफळाट, आणि एमिलला खरे सांगायचे तर दोन्ही गोड लागत.

"ते दुसरं चौदा औंसांचं आहे. कापड जरा दणकट," मार्ला म्हणाली.

"आणि ओलं झालं तर?"

"पिसांना काहीतरी औषध लावलंय म्हणतात. पण ओली पिसं ती ओली पिसंच. ढग दिसला की वरून रेनकोट चढवायचा."

"चढताना कोण घालतंय हे. चढताना अंगावरचा सदराही नकोसा होतो. वर पोचल्यावर दुर्बिणीला डोळा लावून चार तास दगडावर बसायचं, तेव्हा लागतं."

"म्हणून तर सांगते, दहावालं घ्या. खाली तंबूत बसणाऱ्याने कितीही जाड घ्यावं, त्याला कुठे वाहून न्यायचंय! वर जाणाऱ्याचं हे."

एमिलने ते अंगात घातले. चेन ओढली, मग हातमोजा चढवून पुन्हा ओढून पाहिली. आरशासमोर उभा राहून त्याने डावा हात पुढे केला, उजवा खांद्याशी आणला आणि नसलेल्या बंदुकीच्या दस्त्यावर गाल टेकवला. खांद्यावर चुणी पडली नाही. कापड फारसे सळसळलेही नाही. उजव्या हाताचे पहिले बोट हळूच वाकले.

मार्ला हसली नाही. तिच्या दुकानात जॅकेट घ्यायला आलेला प्रत्येक माणूस आरशात काहीतरी मारूनच जात असे.

"चाकूला धार लावलीत?" तिने विचारले.

"कोणत्या?"

"खिशातल्या. तारीख कापायला."

मेंढा पडला की त्याला हलवण्याआधी परवान्याच्या कागदावर चाकू चालवायचा, हा नियम. कागदाच्या कडेला बारा महिने आणि एकतीस तारखा छापलेल्या असतात; त्यांतला तो महिना आणि ती तारीख कापून काढायची. एकदा कापली की कागद संपला, त्यावर दुसरे जनावर नाही.

"माझ्या नवऱ्याने आनंदाच्या भरात चुकीचा महिना कापला होता," मार्ला म्हणाली. "वनखात्याच्या साहेबापुढे नाक घासलं, पण त्याने काही ऐकून घेतलं नाही. एल्क हरीण गेलं, वर दंड झाला. दहा वर्षं झाली, अजून त्याच्यासमोर सप्टेंबर म्हणायची सोय नाही."

एमिल मनापासून हसला. पाकिटावरून हात फिरवत म्हणाला, "मी रोज काढून बघतो. महिना, तारखा, सगळं पाठ झालंय."

तेवढ्यात दुकानाच्या मागच्या बाजूने डॅरिन आला. एमिलचा मुलगा, बेचाळीस वर्षांचा, काटक, बोझमन शहरात घरे विकायचा. तोही वीस वर्षे अर्ज करत होता आणि त्याला काहीच लागले नव्हते. बापाला परवाना लागल्याचे कळताच त्याने फोनवर अशी आरोळी ठोकली होती की एमिलला फोन कानापासून लांब धरावा लागला. दोन आठवड्यांची रजा त्याने त्याच दिवशी टाकली. गेली कित्येक वर्षे नाताळलासुद्धा त्याला दोन दिवस निघत नव्हते, हे एमिलच्या मनात आले होते, पण त्याने ते बोलून दाखवले नव्हते. मुलगा आपल्याबरोबर डोंगरात येतोय, दुर्बीण आणि ओझे उचलायला येतोय, एवढ्यावर तो सगळा उन्हाळा खूश होता.

डॅरिनच्या हातात एक मांड्यांपर्यंत येणारे, टोपीचे, गादीसारखे फुगलेले जॅकेट होते.

"बाबा, ते काढ. हे घाल."

"हे बसलंय मला छान."

"घालून तर बघ." त्याने बापाच्या खांद्यावरून हलके जॅकेट उतरवले, शाळेतून आलेल्या पोराचे दप्तर उतरवावे तसे, आणि जाड जॅकेट चढवून गळ्यापर्यंत चेन ओढून दिली. "बघ! राजा दिसतोयस."

"वजन किती याचं?"

"वजनाचं तू काय करणार?" डॅरिन हसत म्हणाला.

मार्ला काट्याशेजारची जॅकेटे घडी करत होती. तिचे हात थांबले.

डॅरिनचे लक्ष नव्हते. त्याने ते दहा औंसांचे जॅकेट स्वतःच्या अंगात घातले होते. बापलेकांचे माप एकच. आरशासमोर जाऊन त्याने डावा हात पुढे केला, उजवा खांद्याशी आणला, गाल टेकवला. मग बोट वाकवले.

एमिलला आरशात ते बोट दिसले. दुसऱ्याच्या परवान्यावर बरोबर जाणारा माणूस दुर्बीण धरतो, पाणी वाहतो, मांस पाठीवर घालून खाली आणतो. त्याला बोट वाकवायचे काही कारण नसते.

"दुर्बीण धरून बघ की," एमिल म्हणाला.

"काय?"

"तुला दुर्बीण धरायचीय ना? बंदूक माझी आहे."

डॅरिनने मार्लाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "बाबा, इथे नको. ट्रकमध्ये बोलू."

"इथेच बोल. मार्लाने आजवर यापेक्षा वाईट ऐकलंय."

मार्ला बुटांच्या खोक्यांकडे निघून गेली.

"हे बघ," डॅरिन समजुतीच्या सुरात म्हणाला. घर विकताना तो हाच सूर लावत असावा. "दहा हजार फूट आहे ते. वर नुसता मुरूम. तुझा गुडघा बघ. तू खालच्या तंबूत मस्त गरमागरम राहा, मी वर जाऊन काढतो मेंढा. परवाना तुझा, नाव तुझं, शिंगं तुझ्याच भिंतीवर. कुणाला कळणार आहे?"

"सबंध उन्हाळा मी चाळीस पौंड वाळू पाठीला बांधून टेकडी चढतोय."

"टेकडी!" डॅरिन हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हते, आणि तेच एमिलला जास्त लागले. "अरे बाबा, टेकडी ती. तेहतीस वर्षं थांबलास म्हणूनच म्हणतोय. एवढं थांबून वाया नको जायला."

"नियम काय आहे माहितीय ना? ज्याचं नाव, त्यानेच मारायचा."

"सगळे करतात. आणि तू मला नियम सांगू नकोस हं. आजोबांचं एल्क कुणी मारलं होतं? दर सणाला तूच सांगतोस, टेबलावर हात आपटून."

ते खरे होते.

त्याचा बाप आन्टे खाणीत उतरून उतरून छातीने पार खलास झाला होता, तरी शेवटची दोन वर्षे परवाना घ्यायचाच. त्यातल्या एका वर्षी एमिलने त्याला याच रस्त्यावरच्या दुकानातून लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरीचा कोट घेऊन दिला. काय वजन होते त्या कोटाला! ओला झाला की दोघांनी पिळावा लागेल असा. आन्टेने विचारले होते, इतका जड? आणि एमिल म्हणाला होता, तुला कुठे चालायचंय. शेकोटीजवळ बापाला त्या कोटात बसवून एमिल पहाटे निघाला आणि दुपारी सहा टोकांच्या शिंगांचे एल्क पाडून आला. कागद बापाचा, तारीख एमिलने कापली. ती शिंगे मरेपर्यंत आन्टेच्या गॅरेजमध्ये होती. कुणी विचारले, हे कसं मारलंत, की म्हातारा अंगठा एमिलकडे करायचा. "त्याला विचारा." एमिल मग खुलून खुलून सांगायचा. इतकी वर्षे त्याला वाटत आले होते की बाप तेव्हा त्याचे कौतुक करत असे.

कोट पहिल्यांदा घातल्यावर म्हातारा काय म्हणाला होता तेही त्याला आठवले. आता त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की मुलाचा राग धड येईना.

"ऊबदार आहे," एमिल बापाच्याच शब्दांत म्हणाला.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" डॅरिनच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. त्याने बापाच्या फुगलेल्या खांद्यावर थाप मारली. "मार्ला, दोन्ही घेतोय. माझ्याकडून."

"घालूनच जातो मी," एमिल म्हणाला. "पण आधी याचं वजन कर."

त्याने काढून दिलेले जॅकेट मार्लाने काट्यावर ठेवले. त्याच्या बाह्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत राहिल्या. "दोन पौंड, नऊ औंस."

एमिलने वही काढून दहा औंसांच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली नवा आकडा लिहिला. मार्लाने जॅकेट पुढे सरकवले. ती म्हणाली, "सांभाळून जा, एमिल."

बाहेर सप्टेंबरच्या चार तारखेचे लख्ख ऊन पडले होते. जाणारायेणारा एक जण त्या फुगीर म्हाताऱ्याकडे वळून बघत गेला. डॅरिनने बापाला ट्रकमध्ये बसवले.

"समोरून खिम्याच्या पास्ट्या घेऊन येतो. ग्रेव्ही घालून की नुसती?"

"नुसती."

डॅरिन रस्ता ओलांडून गेला, हलक्या जॅकेटची पिशवी बोटावर फिरवत. एमिलने त्याला दुकानात शिरेपर्यंत पाहिले. मग त्याने पाकीट काढले, पाकिटातून परवान्याचा कागद काढला आणि मांडीवर उलगडला. सगळ्यात वर त्याचे नाव होते, पूर्ण. त्याने ते एकदा ओठांनी वाचले. हंगाम पंधरा तारखेला सुरू होणार होता. डोंगराच्या दक्षिणेच्या कड्याखाली उन्हात बसलेले तीन नर त्याने जुलैमध्ये स्वतः पाहिले होते. एकाच्या डाव्या शिंगाचे टोक झिजलेले होते. तो कोणता घ्यायचा हेही त्याने ठरवले होते.

खिशातला चाकू त्याने उघडला. धार चांगली होती. त्याने आधी सप्टेंबर कापला आणि मग चार. घाई केली नाही, नियमात म्हटले आहे तसे, कडेने स्वच्छ, कुठे फाटू न देता. या कागदापुरता मेंढा आज, हंगामाला अकरा दिवस बाकी असताना, मेला. कागदाचे दोन इवलेसे तुकडे नव्या जॅकेटच्या गुळगुळीत कापडावरून घसरून पायाशी पडले. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते जाड बाहीने पुसले. कागद घडी करून त्याने होता तिथे पाकिटात ठेवला.

डॅरिन कागदी पिशवी घेऊन आला आणि स्टिअरिंगमागे बसला. पास्टीचा, कांद्याचा आणि मांसाचा वास ट्रकभर झाला.

"अजून अंगातच? उकडत नाही तुला?"

"नाही."

"चाकू कशाला काढलास?"

"धार बघत होतो."

डॅरिनने इंजिन सुरू केले. एमिलने चाकू मिटून खिशात टाकला, पास्टी हातात घेतली आणि मुलाच्या मांडीवरच्या जॅकेटच्या छोट्या गाठोड्याकडे पाहिले.

"हलकं आहे," तो म्हणाला. "वर न्यायला चांगलं."