बघू आणि पाहू

आमच्या बाबांना 'नाही' म्हणता येत नाही. शब्द माहीत आहे, पण समोर माणूस बसला की तो घशातच अडकतो. बँकेत मॅनेजर झाल्यावर त्यांनी यावर एक तोड काढली. कर्ज द्यायचं असेल तर म्हणायचं 'पाहू', द्यायचं नसेल तर 'बघू'. परक्या माणसाला दोन्ही सारखंच. पण आमचं गाव लहान, बँक एकच आणि गरज सगळ्यांना, त्यामुळे गावाने हा शब्दकोश लवकरच पाठ केला. 'पाहू' ऐकलेला माणूस बाहेर पडताना वॉचमनशीही हसून बोलायचा. 'बघू' ऐकलेला अर्धा चहा तसाच ठेवून उठायचा. गिरणीमालकांना दुसऱ्या गिरणीसाठी 'बघू' मिळालं, तेव्हा ते घरीसुद्धा न जाता बँकेच्या पायरीवरून थेट शेजारच्या शहरातल्या बँकेत गेले.

मी एकदा विचारलं होतं, सरळ नाही म्हणून का टाकत नाही? तेव्हा बाबा म्हणाले होते, "नाही म्हटलं की माणूस परत येत नाही."

अशा माणसाला गावालगतच्या विद्यापीठाने खजिनदार केलं नसतं तरच नवल. पद मानद, म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. आमच्या बाबांनी इतकी वर्षं तळं राखलं आणि तिथल्या कँटीनच्या चहाचे पैसेही स्वतःच्या खिशातून दिले. दिवसा बँक, संध्याकाळी विद्यापीठ. वसतिगृहाचं छत गळतंय, प्रयोगशाळेचं सामान अडलंय, परीक्षकांचे भत्ते थकलेत, अशी कुठलीही फाइल शेवटी आमच्या घरी यायची. आमच्याकडे चपलांच्या कपाटावर एक पेन दोरीने बांधून ठेवलेलं आहे, बँकेत असतं तसं. बाबा दारातच चपला काढता काढता सह्या करायचे. जेवताना त्यांचा उजवा अंगठा थरथरायचा, आणि वाटी डाव्या हाताने उचलायची सवय त्यांना कधी लागली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आईने त्यांच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली. तळ्याकाठच्या एका खेड्यात दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, तिथे जाऊन राहायचं. माझं कॉलेज संपलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं. बाबा म्हणाले, "पाहू."

आई तेव्हा आनंदाने रडली होती. 'पाहू' म्हणजे होकार, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण हा तारीख न घातलेला चेक होता. माझं लग्न झालं, बँकेची नवी इमारत झाली, विद्यापीठाला दोन विभाग जोडले गेले, आणि चेक आईच्या पदराला बांधलेलाच राहिला. मधूनमधून ती तळ्याकाठी जाऊन घर झाडून यायची. तिथे तिने लिंबाचं झाड लावलं होतं, त्याची लिंबं शेजारचे तोडून न्यायचे. मला बाबांचा राग यायचा. आईचाही यायचा, कारण ती भांडायची नाही.

यंदा बाबा बँकेतून निवृत्त झाले. खजिनदारपदाची मुदतही त्याच महिन्यात संपत होती. आईने टेम्पो ठरवला, मला मदतीला बोलावून घेतलं आणि बाबांना समोर बसवून विचारलं की सोडणार ना? बाबांनी मान डोलावली. ते इतके थकले होते की मान डोलावल्यावर खुर्चीतच झोपून गेले. आईने त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि पुसून ठेवला.

बाबांच्या विद्यापीठातल्या शेवटच्या सभेच्या दिवशी आम्ही दोघी कपबश्या कागदात गुंडाळत बसलो होतो. आधी आले कॅशियरकाका. बाबांसोबत बँकेत त्यांचा जन्म गेला, आणि सभेला कागद घेऊन तेच जायचे. ते आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभेच राहिले. बाबा कुठे आहेत, असं मी विचारलं. मागून चालत येताहेत, हळूहळू, असं म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कुलगुरू नवीन, बाहेरगावचे, स्वभावाने मोकळे. त्यांनी भर सभेत बाबांचं कौतुक केलं आणि म्हणाले की पुढची तीन वर्षंही हा भार आपणच उचलावा. बाबा उठले. मग म्हणाले, "बघू."

कुलगुरूंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, थोर माणूस आहे, विनयाने हो म्हणतोय. सभेच्या इतिवृत्तात 'संमती दिली' असं लिहूनही झालं.

"पण बाकीचे?" मी विचारलं. टेबलाभोवती सगळे गावचेच होते. डॉक्टर, वकील, प्राचार्य, आणि ते गिरणीमालकसुद्धा. त्यातल्या एकेकाने कधी ना कधी बाबांचं 'बघू' पचवलेलं होतं. त्याचा अर्थ त्यांना झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता.

"अळीमिळी गुपचिळी," काका म्हणाले. "गिरणीमालक तर चष्म्याची काच पुसत बसले. पुसून झाली तरी पुसतच होते."

फुकटचा खजिनदार कोणाला नको असतो? आईने काकांना विचारलं, आणि तुम्ही का नाही बोललात? काका म्हणाले, वहिनी, मला तिथे बोलायचा अधिकार नाही. तेही खरंच होतं. ते चहा न घेताच गेले.

बाबा आले. चपला काढल्या, आणि हात आपोआप कपाटावरच्या पेनाकडे गेला. सही करायला काहीच नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला. मी तोंड उघडणार होते, पण आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कपबश्या गुंडाळायला लागले. तिने त्यांना वाढलं. बाबा म्हणाले, मी नाहीच म्हणालो होतो. आई म्हणाली, हो, कळलं मला.

सकाळी टेम्पो आला. आईने निम्मं सामान चढवायला लावलं. तिची गादी, तिची भांडी, शिवणयंत्र. बाबांचं कपाट जागच्या जागी. काय चाललंय ते मला कळत होतं. आई ड्रायव्हरशेजारी बसली, मी तिच्या बाजूला दारापाशी. बाबा फाटकात उभे होते, दाढी करून, हातात विद्यापीठाची पिशवी. शिपायाचा फोन येऊन गेला होता, परीक्षकांचे भत्ते अडले होते.

ते खिडकीपाशी आले. माझ्याकडे न बघता त्यांनी आईला विचारलं, "परत कधी येशील?"

आईने पदर सारखा केला.

"बघू," ती म्हणाली.

तो शब्द बाबांनीच घडवलेला. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेला, आणि त्यांना स्वतःला तो कोणी कधी दिला नव्हता. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि वाटलं, खाली उतरावं, त्यांना घरात नेऊन बसवावं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. टेम्पो फाटकापासून जेमतेम निघाला असेल, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नाही."

बाबांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. फार मोठा नव्हता, घासलेला होता. ड्रायव्हरने गाडी थांबवली. बाबा खिडकीची कड धरून धापा टाकत उभे राहिले. "नाही," ते पुन्हा म्हणाले. "असं नाही."

मला वाटलं, आई आता दार उघडायला सांगेल. मी कडीला हातही घातला. पण तिने माझा हात दाबून धरला.

"हे मला नका सांगू," ती म्हणाली. "तिकडे सांगून या. जसंच्या तसं."

बाबांनी पिशवी खिडकीतून आत माझ्या मांडीवर ठेवली आणि मोकळ्या हातांनी विद्यापीठाच्या रस्त्याला लागले. ते फार हळू चालत होते. गिरणीच्या वळणावर थांबून त्यांनी कपाळ पुसलं, ओठ हलवले, आणि पुन्हा चालू लागले. ते सराव करत होते.

ड्रायव्हरने विचारलं, ताई, किती वेळ लागेल?

तो रस्ता पूर्ण दिसेल इतकी आई खिडकीकडे सरकून बसली. मग ड्रायव्हरनेच इंजिन बंद केलं.