शिकण्याचा हेतू

पहिली ओळ संपली आणि सावळीराम गायधनींनी सवयीने डावा हात हाणला. टाइपरायटरला तिथे दांडा असतो. ओळ संपली की तो ढकलायचा. कॉम्प्युटरला तिथे काहीच नव्हतं. होता तो पेनांचा डबा, तो खाली गडगडला.

"असू द्या काका," क्लासची संध्या पेनं गोळा करत म्हणाली. "अन् बटणं जरा हळू. नुसतं बोट टेकवलं तरी पुरतं. आधी टायपिंग केलेलं दिसतंय?"

"थोडंफार," सावळीराम म्हणाले.

थोडंफार! अहो, नाशिकरोडला तीस वर्षं त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट. अर्ध्या नाशिकचे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. सकाळच्या बॅचला अठरा मशीन एकदम सुरू झाली की शेजारच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नसे. कॉम्प्युटर आले तेव्हा सावळीराम हसले होते. नव्याचे नऊ दिवस, म्हणाले. ते नऊ दिवस काही संपेनात. २००२ साल उजाडलं तेव्हा अठरा मशीनपुढे पाच पोरं उरली होती, आणि त्यातली दोन नात्यातली.

बायको, सिंधू, मागेच म्हणाली होती, "अहो, थोडी मशीन काढून टाकू. दोन कॉम्प्युटर घेऊ."

"अन् शिकवणार कोण? आधी मलाच शिकावं लागेल. नाशकात कुठल्याही क्लासला गेलो तरी मास्तर म्हणून माझाच विद्यार्थी बसलेला. ज्यांचे कान पिळले त्यांच्यापुढे वही घेऊन बसू?"

पण यंदा जूनच्या बॅचला एकही नाव आलं नाही, त्या दिवशी सावळीरामांना जेवण गेलं नाही. आता शिकायचं, नाहीतर कुलूप लावायचं, हे त्यांना कळून चुकलं. म्हणून आज बुधवारी, मशीनचे सुटे भाग आणतो असं घरी सांगून, ते एसटीने सिन्नरला आले होते. सासुरवाडी सिन्नरचीच, पण ते घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. या बाजूला त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं.

संध्याने फॉर्म पुढे केला. सावळीराम मधल्याच एका रकान्याशी अडले.

"शिकण्याचा हेतू. इथे काय लिहायचं?"

"मनात असेल ते. थांबा, एका बाईंनी फार छान लिहिलंय, दाखवते." तिने फाइलमधून एक कागद काढून समोर ठेवला.

सिंधू सावळीराम गायधनी. वय एकावन्न. शिक्षण सातवी. हेतूच्या रकान्यात ओळखीचं गोल अक्षर: 'मिस्टरांना घरी शिकवायचे आहे. ते बाहेर कुठे जाणार नाहीत. लाजतात.'

"मंगळवार-शुक्रवार येतात," संध्या सांगत होती. "चुकलं की स्वतःच हसतात, पण उठून जात नाहीत."

मंगळवार-शुक्रवार. आईचे गुडघे चोळायला सिंधू माहेरी जायची, ते हेच वार. गेल्याच आठवड्यात सावळीरामांनी सासूबाईंसाठी तेलाची बाटली आणून दिली, तर ती मुकाट्याने पिशवीत घालून निघाली होती, पठ्ठी! त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. बायकोबद्दल इतकी माया त्यांना लग्नाच्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

मग आपला कोरा फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

"काय झालं काका? जमणार नाही असं वाटतं का?"

"जमेल की. पण घरच्या घरी सोय आहे, मला माहीत नव्हतं."

शुक्रवारी संध्याकाळी सिंधू माहेराहून परतली आणि तिने चहा टाकला. सावळीराम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"कॉम्प्युटर शिकवणारं कुणी तुझ्या ओळखीत आहे का गं? माणूस धीराचा हवा. विद्यार्थी म्हातारा आहे, अन् हट्टी."

सिंधूने मागे वळून पाहिलं नाही. गाळणी कपावर धरून ती चहा गाळू लागली.

"आहे एक बाई," ती म्हणाली. "पण तिचंच अजून निम्मं शिकून व्हायचंय."

"होऊ दे," सावळीराम म्हणाले. "मी थांबतो."