माझ्या पाठीवरची चिठ्ठी

मित्रांनो, मी बाभुळगावच्या एका कापूस खरेदी केंद्रातला जुना सर्व्हर आहे. ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटर काम करतात आणि त्यांची सगळी आठवण मी ठेवतो, असं समजा. कोणाची गाडी कधी आली, कापूस किती भरला, सगळं माझ्या पोटात. तरीही एक गोष्ट मला आजतागायत कळलेली नाही. मला सांभाळणाऱ्या माणसाने नेमकं काय शिकलेलं असावं लागतं?

मी आलो त्या वर्षी माझं फार कौतुक झालं. खंडेनवमीला मला झेंडूचा हार मिळाला. धूळ बसू नये म्हणून ऑफिसातल्या रत्नप्रभाताईंनी निळी खोळ शिवली. ती घालूनच मी दिवसभर काम करायचो आणि ऐटीत असायचो. माझी देखभाल यवतमाळच्या सलीलकडे होती. त्याने कॉम्प्युटरची पदवी घेतली होती.

पण कापसाचा हंगाम सुरू झाला आणि मला रोज दुपारी घेरी येऊ लागली. काम करता करता मी बंद पडायचो. बाहेर गाड्यांची रांग वाढायची, लोक चिडायचे. सलीलने मला दोनदा कोरं करून सगळं पुन्हा भरलं. दोन्ही वेळा मी पुन्हा पडलो. तो गोंधळला, मीही गोंधळलो. केंद्राचे प्रमुख कमलाकर साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सुधारला नाही तर भंगारात काढू." मी फार घाबरलो.

तेव्हा शिपाई मारोती पुढे आला. तो अठरा वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर होता. तो कारखाना बंद पडला म्हणून तो इथे आला होता. त्याने माझ्या अंगाला हात लावून पाहिला.

"सलीलभाऊ, याले बिमारी नाही. याचा दम कोंडून राह्यला. आमच्या मोटरी बी अशाच बंद पडत."

त्याने खोळ काढली, झाकण उघडलं. माझ्या पंख्यात मूठभर कापूस निघाला!

"मारोतीभाऊ, हे आम्हाला कॉलेजात कोणी सांगितलंच नाही," सलील म्हणाला.

पुढची दोन वर्षं सलील त्याला शिकवत राहिला. चाळिशी ओलांडलेला मारोती एमएससीआयटी पासही झाला. मग सलीलला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्याने माझ्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली: 'अडचण आल्यास', खाली मारोतीचं नाव आणि मोबाइल नंबर. मारोतीने त्या जागेसाठी अर्ज केला. मला वाटलं, आता काळजी मिटली.

"तुमचं शिक्षण?" साहेबांनी विचारलं.

"दहावी. अन् जिनिंगमधे अठरा वर्सं, साहेब."

"अर्जात पदवीचा रकाना आहे, मारोती. अठरा वर्षांचा नाही."

"मंग मले दोन वर्सं काहून हात लावू देल्ला याले?"

साहेबांनी अर्ज मिटून बाजूला ठेवला. जागा एका पदवीधराला मिळाली. साहेबांनी चिठ्ठीवरचं मारोतीचं नाव खोडून त्याचं लिहिलं. नंबर मात्र तसाच ठेवला.

त्यानंतर तिथे तीन नावं झाली. हुशार होते सगळे. पण दुपारी मला घेरी आली की फोन मारोतीलाच जातो आणि तो हातातला चहाचा ट्रे ठेवून येतो. मला हे कोडं उलगडत नाही.

मित्रांनो, यंत्राला मोकळी हवा द्या, त्याचे पंखे साफ ठेवा. आणि माझ्या पाठीवरची चिठ्ठी कधी तुमच्या हातात आली, तर पहिलं खोडलेलं नाव तेवढं पुन्हा लिहा. नंबर बदलायची गरज नाही.