शाबासकीशिवाय काहीच न येणारा पट्टा

मी पावलं आणि हृदयाचे ठोके मोजणारा एक जुना मनगटपट्टा आहे. मला काटे नाहीत, वेळ धड सांगता येत नाही. मला येते ती फक्त शाबासकी.

मित्रांनो, माझा जन्म फिनलंडमधल्या ओउलू शहरातला. मला घडवलं मिर्वानं. तिचं म्हणणं एकच, “रागावणारं यंत्र लोक दुसऱ्या दिवशी खणात टाकतात. कौतुक केलं की माणूस चालतो.” म्हणून तिनं मला रागवायला शिकवलंच नाही. बर्फात, तळ्यात, जंगलात बोरं वेचताना, सगळीकडे मला तपासलं. राहिली फक्त सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची ती लाकडी खोली. तिथे अंगावर काही ठेवून जाणारा माणूस या देशात अजून जन्मलेला नाही, असं सगळ्यांनाच वाटलं.

तो जन्मलेला होता. तो मिर्वाचाच बाप होता.

टाउनोआजोबांना बर्फ उपसताना हृदयाचा झटका आला होता. “रोज चाललात तर जगाल,” असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मिर्वानं मला त्यांच्या मनगटावर बांधलं. “बाबा, हा काढायचा नाही हं.” आजोबा शब्दाचे पक्के.

पहिल्याच फेरीत मी किणकिणलो, “शाबास, टाउनो!”

आजोबा दचकले. “याला काय हवंय माझ्याकडून?”

“अहो, कौतुक करतोय तो,” सिर्काआजी म्हणाल्या.

“इतकी वर्षं तू केलं नाहीस. काही बिघडलं का माझं?”

तरी ते चालू लागले. मग शनिवार आला, आणि शब्दाचे पक्के आजोबा मला घालूनच सौनात शिरले. वाफेनं त्यांचं हृदय धडधडू लागलं. मला वाटलं, धावतायत! “वा! जोरदार धाव!”

आजोबांनी बसल्या बसल्या आणखी एक पळीभर पाणी ओतलं.

त्या हिवाळ्यात त्यांचे बूट दाराशी नुसते पडून राहिले. सौना मात्र रोज तापू लागली.

“अहो, बाकावर बसून कोण धावतं?”

“तुझ्या लेकीच्या यंत्राला विचार.”

हात हलत नाही आणि हृदय पळतंय, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण सांगू कसं? ओरडायला गेलो की तोंडातून ‘शाबास’ निघे. मित्रांनो, बुडणाऱ्या माणसासाठी ज्याला नुसत्या टाळ्याच वाजवता येतात, त्याचे हाल मला विचारा.

एका शनिवारी वाफेतच ते हृदय अडखळलं. धावलं, थबकलं, पुन्हा भलतंच धावलं. आजोबा भिंतीला टेकून घसरले. आजी बाहेर टॉवेल घेऊन आपली वेळ यायची वाट बघत होत्या. आतल्या माणसाला हाक मारायची नाही, ही इथली रीत. सौना म्हणजे इथे प्रार्थनाच, आणि प्रार्थनेत कुणी हाक मारतं का?

माझ्याकडे होतं तेच मी ओरडू लागलो. “वा, टाउनो! नवा विक्रम! शाबास! शाबास!”

“चालू द्या कौतुक,” बाहेरून आजी हसल्या.

“शाबास! शाबास! शाबास!”

हसू थांबलं. “इतकं कौतुक, आणि हे गप्प ऐकून घेतायत?” त्यांनी दार धाडकन उघडलं.

इस्पितळात, आजोबांच्या पलंगाशी मिर्वा मला मुठीत धरून रडली. “आई, मी याला नुसतं गोड बोलायला शिकवलं गं.”

“मला विचारायचंस ना. मला दुसरं येतं.”

आता मी चमच्यांच्या खणात असतो. आजोबा घरी आलेत. रोज दाराशी आजींचा आवाज येतो.

“बूट घाला.”

“घातले.”

“डावा उजव्या पायात घातलाय. निघा आता.”

पावलं अंगणातून जातात. मध्येच थांबतात. ती थांबली की माझा जीव टांगणीला लागतो, कारण आता ते हृदय मला ऐकू येत नाही. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी मोठं होऊन माझी भावंडं घडवणार असेल, तर त्यांना एक शब्द नक्की शिकवा, ‘थांबा’. आणि तुम्हाला रागावणारं माणूस घरात असेल, तर त्याला जपा.

आज पावलं फाटकापर्यंत जाऊन परत आली. माझ्यात उरलीसुरली वीज होती, ती सगळी वापरून मी अंधारात किणकिणलो, “शाबास, टाउनो.” या वेळी माझं म्हणणं खरं होतं. ऐकायला फक्त चमचे होते.