तुम्ही अजून बघताय ना?

मित्रांनो, मी टीव्ही. वय विचाराल तर सात वर्षं. माणसांत हे पोरवय, पण आमच्यात म्हातारपण. काच अजून शाबूत आहे, रंगही बरे दिसतात. तरी सांगतो, माझी गोष्ट ऐकून घ्या आणि मगच मला घरात ठेवा.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते मिलिटरीचं कॅन्टीन. तिथून धैर्यशील नावाच्या जवानाने मला उचललं आणि आगगाडी, एसटी करत, गुडघ्यांमध्ये घट्ट धरून मेढ्याजवळच्या आपल्या गावी आणलं. घरात त्याचे वडील लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांना सगळे आबा म्हणत. आई शालूबाई आणि बायको अंकिता. मला पुढच्या खोलीत, सोप्यात, लाकडी कपाटावर बसवलं, शालूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, आणि मी त्या घरचा झालो.

मी नुसता चित्रं दाखवणारा टीव्ही नव्हतो बरं का. कोण काय बघतं, किती वेळ बघतं, हे मी लक्षात ठेवायचो आणि त्याच धाटणीचे सिनेमे, मालिका शोधून पडद्यावर ओळीने मांडायचो. वर लिहायचो, 'तुम्ही हे पाहिलंत, हेही आवडेल.' एवढी एकच विद्या मला येते, पण तिचा मला फार तोरा होता.

शालूबाईंना विनोदी सिनेमे आवडायचे. मी असे एकेक काढून द्यायचो की हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. एकदा मी त्यांना एका जवानाच्या आईचा सिनेमा सुचवला. त्या रडल्या, उठल्या आणि पदराने माझी काच पुसली.

"आवं, ह्यो लय शाना हाय," त्या आबांना म्हणाल्या. "माझ्या मनातलं वळखतो."

"मग मला कशाला इचारतीस? त्यालाच इचार, आज कालवण काय करायचं," आबा म्हणाले आणि दोघंही हसले. मित्रांनो, तेवढं कौतुक मला पुढे कधी मिळालं नाही.

मग शालूबाई वारल्या आणि धैर्यशील तेराव्यानंतर लगेच ड्युटीवर परतला. घरात सासरा आणि सून, दोघंच राहिली. अंकिता मागच्या पडवीत शिलाई मशीनवर गावातल्या बायकांची झंपरं शिवायची. आबा जेवून माझ्यासमोर आरामखुर्चीत बसायचे. बघायचे काहीच नाहीत.

"चालू राहू दे," ते सुनेला सांगायचे. "घरात मान्साचा आवाज पायजे."

पाच मिनिटांत त्यांचा डोळा लागायचा आणि मी एकटाच बोलत राहायचो. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. असे तीनचार भाग झाले आणि रिमोटला कुणाचा हात लागला नाही, की मी थांबून विचारायचो, 'तुम्ही अजून बघताय ना?' आवाज थांबला की आबा दचकून उठायचे, चष्मा नसल्यामुळे काही न वाचता बटण दाबायचे आणि पुन्हा घोरायला लागायचे.

मी समजायचो, आवडतंय त्यांना.

इथेच घात झाला. एका दुपारी आपोआप एक गुन्ह्याची मालिका लागली. त्यात सून म्हाताऱ्या सासऱ्याला दुधातून काहीबाही पाजते. आबा झोपेत होते. एकामागून एक चार भाग गेले. मी विचारलं, त्यांनी बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी मी तसल्याच कहाण्यांची अख्खी रांग लावली. विषाचा चहा करणारी सून. औषधं बदलणारी सून. मी जीव ओतून शोधत होतो हो! मला वाटलं, या घराने मला शाना म्हटलंय, तर म्हाताऱ्याची आवड आपण जपली पाहिजे.

आता झोपलेल्या माणसाचे कान काही झोपत नाहीत. आबा कूस बदलायचे, कण्हायचे, कपाळाला घाम यायचा. उठले की पडवीकडे बघत बसायचे. कशाची भीती वाटतेय हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

एक दिवस अंकिताने चहा आणला. आबांनी कप हातात घेतला नाही.

"तू घे आधी घोटभर."

"माझा आत हाय की, आबा."

"यातला घे."

तिला वाटलं, थट्टा करताहेत. ती हसली, एक घोट घेतला आणि कप दिला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ती हसली नाही.

आबांना रक्तदाबाची गोळी होती. रोज जेवण झालं की अंकिता ती त्यांच्या तळहातावर ठेवायची. पांढरी, चपटी गोळी. मग एकदा औषधाच्या दुकानात ती मिळाली नाही आणि दुकानदाराने दुसरी दिली. ती गुलाबी होती.

"रंग का बदलला?" आबांनी विचारलं.

"तीच हाय, आबा. नुसती कंपनी दुसरी हाय."

मित्रांनो, नेमकं हेच वाक्य मी त्यांच्या कानात आठ दिवसांपूर्वी ऐकवलं होतं. मालिकेतली सून शब्दाला शब्द हेच म्हणाली होती.

अंकिता भांडी घेऊन आत गेली. आबा उठले, माझ्याजवळ आले आणि ती गोळी त्यांनी कपाटामागच्या फटीत टाकली. दुसऱ्या दिवशी दुसरी. मग रोज. माझ्या पाठीशी गुलाबी गोळ्या साचत गेल्या आणि आबांच्या मानेवरची शीर टरारून दिसायला लागली. धैर्यशीलचा फोन यायचा, "आबा, गोळ्या घेता न्हवं?" आबा म्हणायचे, "व्हय." सुनेचं नाव घेऊन तक्रार करावी, असला तो माणूस नव्हता.

मला सगळं ठाऊक होतं. मला ओरडायचं होतं, 'अंकिता, माझ्यामागं बघ गं!' पण मला दुसऱ्यांचीच वाक्यं बोलता येतात. मी पुढचा भाग लावला.

तिसऱ्या आठवड्यातली दुपार. आबांचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता. एक भाग संपला, दुसरा संपला. घोरणं बदललं होतं, घरघर लागली होती. मी थांबलो आणि विचारलं, 'तुम्ही अजून बघताय ना?'

रिमोट जमिनीवर पडला होता. उचलायला कुणी उठलं नाही.

सोप्यात शांतता झाली. मागे शिलाई मशीन चालू होती, ती थबकली.

"आबा?" अंकिताची हाक आली. मग ती धावतच आली.

आबांना साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, उजवा हात मात्र गेला. इकडे आळीत कुजबुज सुरू झाली, "गोळ्या देत न्हवती म्हनं." अंकिताने ते ऐकलं, पण भांडायला कुणाकडे गेली नाही. धैर्यशील सुट्टी काढून आला. आबांना घरी आणल्यावर त्यांची खाट सोप्यात लावायची म्हणून त्याने कपाट ओढलं, आणि मागून गोळ्या घरंगळल्या. मग त्याने मला चालू केलं. पडद्यावर माझी रांग उभी राहिली. चित्रामागून चित्र, प्रत्येकात एक बाई, तिच्या हातात पेला. वर लिहिलेलं, 'तुम्हाला हेही आवडेल.'

अंकिताने पडद्याकडे बोट दाखवलं. "आबा, ह्ये आवडतं तुमाला?"

आबांचं तोंड वाकडं झालं होतं. शब्द जुळवायला वेळ लागला. "न्हाई गं पोरी. मी... झोपलेला असायचो."

तिने चहा आणला होता. सवयीने कप आपल्या ओठांकडे नेला. आबांनी डावा हात पुढे करून तिचं मनगट धरलं, कप स्वतःच्या तोंडाला लावला आणि एका दमात सगळा चहा प्याले. मग तळहात पसरला, गोळीसाठी. दोघंही रडत होती. मला डोळे असते तर मीही रडलो असतो.

धैर्यशीलने माझी वायर उपटली. नऊ महिने मी चादरीखाली, भिंतीकडे तोंड करून काढले. सोप्यातला आवाज मला ऐकू यायचा. अंकिताने शिलाई मशीन आबांच्या खाटेजवळ आणली होती आणि ती दिवसभर बडबडायची.

मग कुणीतरी म्हणालं, चांगला टीव्ही आहे, वाया कशाला घालवायचा? शेजारच्या मनुबाई एकट्याच असतात. मुलगा आणि सून सांगलीला. मला त्यांच्याकडे पोचवलं. माझ्या आत जमलेली ती जुनी यादी पुसून टाकायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मनुबाई मायाळू आहेत. रोज माझी धूळ पुसतात. काल जेवून त्या माझ्यासमोर कलंडल्या आणि म्हणाल्या, "चालू राहू दे बाबा, तेवढाच घरात आवाज."

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण माझ्यासमोर कुणाचा डोळा लागलेला दिसला, तर आधी मला बंद करा. आणि जमलंच तर त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसा, दोन शब्द बोला. हे तुम्हीच करायचंय. मला ते जमत नाही, कितीही वाटलं तरी.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. मनुबाईंच्या हातातून रिमोट घसरला आहे. एक कीर्तन नुकतंच संपलं, आणि पुढे तीच जुनी रांग माझ्याकडे तयार आहे.